‘कास्त्रो’ला मराठीत काय म्हणावे?

सागरवाट: आस्तिपालेआ या ग्रीक बेटावरच्या ‘कास्त्रो’बद्दल लेख लिहिते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडले आहे. मी ‘किल्ला’ लिहिले, संपादकांनी ते खोडून ‘गढी’ केले. मला दोन्ही पटत नाहीत. टेकडीच्या माथ्यावर घरे एकमेकांना चिकटवून बांधली आहेत आणि कडेच्या घरांच्या बाहेरच्या भिंती हाच तट. आत जायचा दरवाजा एव्हान्गेलिस्ट्रियाच्या चर्चखालून जातो. बेट व्हेनिसच्या क्वेरिनी घराण्याकडे होते. १५३७मध्ये ऑटोमन आरमारप्रमुख खैरुद्दीन बार्बारोसाने ते घेतले. चाच्यांच्या भीतीने सगळे गाव त्या तटाआड दाटीने राही. १९५६च्या भूकंपात बरीच घरे ढासळली.

जुनी वही: सरळ ‘दुर्ग’ लिहा. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, करवून घेतला तो याचसाठी. त्यात किल्ल्यांच्या शब्दांचा ‘दुर्गवर्ग’ वेगळा आहे. ‘किल्ला’ अरबीतून आलेला, तो कशाला हवा?

पायवाट: अहो, पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’ आहे तसे ‘किल्ले’ही आहेत आणि ‘गडकोट’ही. रामचंद्रपंतांना जो शब्द चालला तो आपण का टाकायचा? गडावर चढणारा कोणीही ‘दुर्गावर निघालो’ म्हणत नाही.

जुनी वही: बोलण्यात नाही म्हणत. लिहिताना तरी जपावा की नाही?

उंबरठा: मला ‘कोट’ योग्य वाटतो. आमचे आजोबा गिरगावातून फोर्टात निघाले की ‘कोटात जातो’ म्हणत. मुंबईचा तट १८६०च्या दशकात पाडला, तरी शब्द त्यांच्या तोंडी राहिला होता. तटाच्या आतली वस्ती म्हणजे कोट. आस्तिपालेआत नेमके तेच आहे.

सागरवाट: ‘कोट’ खरेच जवळ येतो. पण आजच्या वाचकाला आधी अंगातला कोट आठवेल, ही भीती आहे.

उंबरठा: मग ‘गावकोट’ करा. रेवदंड्याला पोर्तुगीज तटाच्या आत आजही वाड्या आहेत, माणसे राहतात. तिथल्या कोणाला हे समजवावे लागणार नाही.

पायवाट: रेवदंड्याचा तट राजसत्तेने बांधला, घरे त्याच्या आत. इथे घर हाच तट आहे. हा फरक मोठा आहे, तो शब्दात बुडू नये. मी तर ‘कास्त्रो’च ठेवीन. तो लॅटिन ‘कास्ट्रुम’वरून आलेला, म्हणजे लष्करी तळ. ग्रीकांनी परका शब्द घेऊन आपल्या गावाला लावला, तर आपणही घ्यावा.

जुनी वही: प्रत्येक ठिकाणी मूळ शब्दच ठेवायचा तर भाषांतर कशाला करायचे? शिवाय ‘बालेकिल्ला’ आहे. ग्रीक बेटावर खाली गाव आणि वर कास्त्रो असेल, तर वरचा तो बालेकिल्ला.

पायवाट: ‘बाला’ फारसी आहे, म्हणजे वरचा. आता तुम्हीच फारसी-अरबी जोडशब्द सुचवता आहात!

जुनी वही: तो शतकानुशतके मराठीत मुरला आहे.

पायवाट: ‘किल्ला’ही मुरला आहे, मी तेच तर सांगतो आहे.

माळरान: संपादकांच्या ‘गढी’बद्दल कोणीच बोलले नाही. आमच्या मराठवाड्यात गढी म्हणजे पाटला-देशमुखांचे पांढऱ्या मातीच्या उंच भिंतींचे राहते घर. एका घराण्याची असते, गावाची नाही. म्हणून तो शब्द इथे चुकीचाच. पण विदर्भात गढी कशाला म्हणतात? तिथे पडक्या टेकाडालाही गढी म्हणताना ऐकले आहे.

उंबरठा: नागपूरकडच्या कोणी सांगा. आणि वाड्याला बुरूज असले की गढी, हे खरे का?