‘शांत राहा’ म्हणणाऱ्यांनो, आधी ड्यूटीचा तक्ता बघा

रातपाळी
कालपासून एक पोस्ट फिरतेय: ‘राग हा तुमचा निर्णय असतो. कोणी काहीही बोललं तरी चेहऱ्यावर रेषही न उमटू देणारा माणूसच खरा कणखर.’ खाली नुसता बदामांचा पाऊस. मी कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स आहे. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

चेहऱ्यावर रेष न उमटू देणं आम्ही रोज करतो. नातेवाईक अंगावर धावून येतात, डॉक्टर खेकसतात, आम्ही ‘हो सर’ म्हणतो. याला ताबा म्हणत नाहीत, याला गिळणं म्हणतात. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये लोकांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली होती. काहींना सांगितलं, चेहरा कोरा ठेवा. काहींना सांगितलं, डॉक्टरच्या अलिप्त नजरेनं बघा. पहिल्यांचा चेहरा कोरा राहिला, पण किळस कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. दुसऱ्यांची किळसच कमी झाली.

म्हणजे शिकण्यासारखं आहे, पण ते राग येण्याच्या आधी सुरू होतं. आणि आधीचं काय आमच्या हातात असतं? डबल ड्यूटी करून आलेल्या बाईला ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगू नका. २००७ च्या एका अभ्यासात साधारण ३५ तास जागं ठेवलेल्यांच्या मेंदूतल्या अमिग्डालाची (भीती-रागासारख्या भावनांना पेटवणारा भाग) वाईट चित्रांवरची प्रतिक्रिया झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त होती. आधी तिची रजा मंजूर करा.

गिरणगाव
ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण परिस्थितीवर सगळं ढकललेलं पटत नाही. १९८२ च्या गिरणी संपात माझे वडील घरी बसले ते कायमचे. आईनं खानावळ चालवली. वडिलांनी आम्हा भावंडांवर कधी हात उगारला नाही. शेजारच्या खोलीतला माणूस त्याच खात्यात, त्याच संपात. तो रोज बायकोला मारायचा. परिस्थिती एकच, चाळ एकच. मग फरक कशाचा? मनाच्या शिस्तीचाच ना?

तांबडापांढरा
दोघंही उगाच अवघड करताय. राग आला की बोलून मोकळं व्हायचं. मी तालमीत जातो, बॅगेवर ठोसे मारतो, घरी शांत. आत ठेवलं की बीपी वाढतं.

रातपाळी
@तांबडापांढरा नेमकं हेच मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये तपासलं. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत बॅगेवर ठोसे मारायला लावले. तेच सगळ्यात जास्त चिडलेले राहिले. नुसते गप्प बसवलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले, तरी निष्कर्ष तोच: शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही, शरीर थंडावणाऱ्यांनी उतरतो.

तांबडापांढरा
विद्यार्थ्यांचं मला माहीत नाही. माझा उतरतो.

दोनशिक्षकी
रजेचा विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका. जिल्हा परिषदेची शाळा, चार वर्ग, आम्ही दोघं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नका. प्रत्यक्षात यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, हे सर्वेक्षण, तो फोटो अपलोड. ‘अर्जंट’ म्हणून मेसेज येतो आणि नेट नसतं. मग वर्गात चौथीचं पोर तिसऱ्यांदा हातचा विसरतं. आवाज चढतो. चढणारच!

विरारफास्ट
कलम २७ पाठ आहे, मग कलम १७ पण वाचा ना. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी. माझी मुलगी तिसरीत आहे. तिला भर वर्गात ‘डोकं आहे का खोकं’ म्हटलं गेलं. आता गणिताच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखतं. तुमच्या यू-डायसचा राग आठ वर्षांच्या मुलीनं का झेलायचा?

दोनशिक्षकी
मी तुमच्या मुलीचा शिक्षक नाही. माझ्यावर आरोप करू नका. आणि संध्याकाळी एका मुलीचा अभ्यास घेताना तुमचा आवाज चढत नाही? छातीवर हात ठेवून सांगा.

विरारफास्ट
हा काय प्रश्न झाला? मी पगार घेऊन शिकवत नाही!

दोनशिक्षकी
पगार काढलाच शेवटी. मला वाटलंच होतं.

वडपिंपळ
दोघांनीही जरा थांबा. मी शाळांमधून समुपदेशन करते. विरारफास्ट, पोटदुखीला ‘नाटक’ म्हणू नका, औषधही देऊ नका लगेच. तिला सांगू द्या, भीती वाटते की लाज. भावनेला नेमकं नाव दिलं की अमिग्डालाची हालचाल कमी होते, हे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलंय. आणि सर, तुमचा ताण खरा आहे. पण वर्गात सगळ्यात जास्त ताकद तुमच्याकडे असते, म्हणून आधी शिकायचं तुम्ही.

दोनशिक्षकी
ताकद! केंद्रप्रमुखांसमोर उभे राहून बघा एकदा.
बरं, एक सांगतो. मी गणित मधल्या सुट्टीच्या आधी घ्यायचं बंद केलं. त्या वेळी मुलं भुकेली आणि मी पोषण आहाराच्या घाईत. आता परिपाठ संपला की लगेच गणित. फोन कपाटात, सुट्टी होईपर्यंत बघत नाही. आवाज कमी चढतो, हे मान्य. पण कलम २७ चा मुद्दा मी सोडणार नाही.

रातपाळी
हेच तर म्हणतेय मी! सरांनी मन नाही, वेळापत्रक बदललं.

गिरणगाव
ते त्यांच्या हातात होतं. माझ्या वडिलांच्या हातात काहीच नव्हतं. त्याचं उत्तर अजून मिळालं नाही.

रातपाळी
डोकं तापलं की ते काय करायचे, दादा?

गिरणगाव
उठून जायचे. वरळीच्या समुद्रापर्यंत चालत. नाहीतर भजनी मंडळात. रात्री उशिरा यायचे, जेवायचे, झोपायचे. तुम्ही त्याला शास्त्र म्हणा, मी संस्कारच म्हणणार.

रातपाळी
म्हणा. फक्त ते गिळत नव्हते, जागा सोडत होते, एवढं बघा. आणि शेजारच्या बाईला उठून जायला कुठे होतं?

गिरणगाव
कुठेच नव्हतं. हे मात्र खरं.

विरारफास्ट
@वडपिंपळ रात्री विचारलं. भीती नाही, लाज म्हणाली. मागच्या बाकावरचे सगळे हसले होते म्हणे. सोमवारी वर्गशिक्षिकांना भेटतेय. आवाज न चढवता बोलायचं ठरवलंय, पण त्यांनी हे हसण्यावारी नेलं तर कलम १७ ची प्रत पर्समध्ये असेल.

दोनशिक्षकी
शाळा सुटल्यावर जा. परिपाठाच्या वेळी गेलात तर कोणीच नीट ऐकून घेणार नाही.