मदत हवी आहे: याझूच्या एलपीवरची बुरशी कशी काढू?

मंडळी, जुन्या बाजारात याझू या ब्रिटिश पॉप जोडीची १९८२ची 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स' ही एलपी (ग्रामोफोनची तबकडी) मिळाली. पहिल्या बाजूच्या कडेला पांढरट बुरशी धरलीये, त्यामुळे 'डोन्ट गो' हे पहिलं गाणं सुरू झालं की सुई खरखरते. कशाने पुसू? नुसत्या पाण्याने भागेल का? लेबल ओलं व्हायला नको.

जीव अडकलाय, कारण या जोडीचे मूळ अल्बम दोनच! डिपेश मोड हा बँड सोडून आलेला व्हिन्स क्लार्क आणि ॲलिसन मोये, दोघं एसेक्समधल्या बॅसिल्डनमध्ये वाढलेले. १९८३मध्ये तर वेगळेही झाले. त्याचा थंड, नेमका सिंथेसायझर आणि तिचा ब्लूजच्या वळणाचा भरदार आवाज. असा मेळ मला पुन्हा कुठे सापडला नाही.

आता पुढे आधी काय ऐकू, त्याचा नंतरचा बँड इरेजर की तिचा १९८४चा 'ॲल्फ' हा अल्बम?