कृष्णेत सापडलेला मासा ‘नकटा’च आहे का? ओळख आणि पुढच्या पाहणीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही पलूस तालुक्यातले, भिलवडीजवळ कृष्णाकाठी राहतो. घर भोयाचं, वडील, म्हणजे आण्णा, अजून रोज जाळं लावतात. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी केलंय, पण मासे ओळखायला शिकले ती आण्णांच्या शेजारी बसून.

माघात एका पहाटे आण्णांनी रात्री लावलेलं जाळं ओढलं. नेहमीसारखी ढीगभर चिलापी, चार शिंगट्या. आणि तळाशी एक वीतभर लांबीचा मासा. नाकाच्या वर पुढं आलेलं टेंगूळ आणि त्याच्या खाली आडवी खाच, नखाचं टोक सहज आत जावं एवढी. आण्णा तो हातात घेऊन बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, “अगं ह्यो नकटा. तुझा आजा डोहात धरायचा. मला वाटलं संपला.”

मासा जाळ्यातच मेला होता. मी घाईघाईत मोबाईलवर दोन फोटो काढले. एक वरून, तोही हललेला. शेजारी पट्टी ठेवायचं सुचलं नाही. मग कॉलेजातून आणून ठेवलेल्या फॉर्मेलिनमध्ये (नमुने टिकवायचं रसायन) अख्खा मासा बुडवला. डीएनएसाठी आधी तुकडा काढून ठेवायला हवा होता हे नंतर कळलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एका जाणकारांना फोटो दाखवले. ते म्हणाले, विणीच्या दिवसांत बऱ्याच माशांच्या नरांना नाकावर पुटकुळ्या येतात, तसलाच कुठलातरी तांबट असेल, नकट्याचं नाव घेऊ नका. आण्णांना हे सांगितलं तर ते जेवले नाहीत. चाळीस वर्षं नदीवर काढलेल्या माणसाला मासा कळत नाही असं म्हटल्यासारखं झालं ते.

मला हा मासा एवढा का लागून राहिलाय, तेही सांगते. ब्रिटिश काळात कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांवर लिहिलं, १८३९ साली. त्यानं आपल्या लोकांनी सांगितलेली नावंच शास्त्रीय नावांत घातली: कोळशीचं कोलस, खडशीचं खुद्री, शिंगटीचं सींगटी, नकट्याचं नुक्ता. म्हणजे आमच्यासारख्याच कुणीतरी काठावर उभं राहून त्याला सांगितलं असणार. तो मासा फक्त कृष्णेच्या खोऱ्यातला, जगात दुसरीकडं कुठं नाही, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त. तो आमच्या डोहात आहे की नाही हे नीट नोंदवलं गेलं पाहिजे.

तर टेंगूळ आणि पुटकुळ्या यांत फरक कसा करायचा? फॉर्मेलिनमधल्या माशाचं आता काय करू? आणि पुढं शोधायचा तर मासा न मारता कसा शोधतात? डोहाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाळू उपसणारे आणि सुरुंग लावून मासे मारणारे दोघंही वाचत असतात.

कऱ्हाडकर:
ताई, आधी आण्णांना माझा नमस्कार सांगा. विणीच्या पुटकुळ्या म्हणजे कडक, पांढरट, दाण्यादाण्याच्या असतात आणि हंगाम सरला की झडतात. आपल्याकडं विणीचा काळ पावसाळ्याचा, मासे चढणीला लागतात तेव्हाचा. तुमचा मासा माघातला. नकट्याचं टेंगूळ मांसल, तोंडाचाच भाग असतो, आणि त्याच्याखालची खोल आडवी खाच ही मुख्य खूण. तुम्ही खाच म्हणताय म्हणून माझं मन आण्णांच्या बाजूनं झुकतंय. पण निकाल फोटोवरून नको. पार्श्वरेषेवरचे, म्हणजे अंगाच्या बाजूनं लांब जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजा, पाठीच्या परातले काटे मोजा, मिशा किती जोड्या आहेत ते बघा.

मासा टाकू नका. पोटाला उजव्या बाजूनं छोटी चीर द्या म्हणजे फॉर्मेलिन आत मुरेल. डावी बाजू शाबूत राहू द्या, फोटो आणि मोजमाप नेहमी डावीकडूनच घेतात. काही दिवसांनी पाण्यात धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बाटलीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाका: तारीख, जागा, पाण्याची खोली, कुठलं जाळं, कुणी धरला. शेवटच्यात आण्णांचं नाव घाला. मग भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या आकुर्डीच्या केंद्राकडं विचारा. तिथं नमुना नोंदणी क्रमांकानं ठेवला गेला तर पुरावा पक्का होतो.

संगममाहुली:
पाहणीबद्दल लिहितो. रात्रभर लावलेलं जाळं नको, त्यात अडकलेला मासा गुदमरून मरतो. फेकायचं जाळं घ्या किंवा लावलेलं जाळं दर अर्ध्या तासानं उचला. सोबत नदीच्याच पाण्याची बादली आणि काचेची छोटी पेटी ठेवा. हात ओले करून मासा पेटीत सोडायचा, डावीकडून पट्टीसह फोटो, शेपटीच्या पराचा तांदळाएवढा तुकडा पंच्याण्णव टक्के अल्कोहोलमध्ये, आणि लगेच परत पाण्यात. डीएनएला तेवढा तुकडा पुरतो. वर कोयना किंवा चांदोलीच्या बाजूला गेलात तर ते अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान आहे, वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात हात घालू नका.

बंधाऱ्याच्या वरचं आणि खालचं पाणी वेगवेगळं नोंदवा. आमच्याकडं वेण्णा कृष्णेला मिळते तिथं साचलेल्या पाण्यात चिलापीच जास्त दिसते, खडकाळ वाहत्या पाण्यात जुने मासे. महसीरसाठी, म्हणजे खडशीच्या जातीसाठी, निदान लोणावळ्याजवळ वळवणला पिल्लं तयार होतात. नकट्यासाठी तसं काही चाललेलं मी ऐकलेलं नाही. म्हणून पकडाल तेवढे सोडा, आणि डोहाचं नाव लिहिलं नाहीत ते फार बरं केलंत.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल भिंगाखाली बघितलं. दाणे नाहीत. टेंगूळ दाबलं तर घट्ट, पण मांसल लागतं, आणि खाच एका बाजूकडून दुसरीकडं सलग जाते. खवले तीनदा मोजले, दोनदा आकडा एकच आला. फोटो काढून आकुर्डीला मेल केलाय.

आण्णांना चिठ्ठीत नाव घालायचं सांगितलं तेव्हा म्हणाले, “आज्याचं बी घाल.” तेवढं चालतं का, कुणी सांगाल? काचेची पेटी मिरजेच्या एका दुकानात करायला टाकलीय. गुरुवारी मिळाली की शुक्रवारी पहाटे आम्ही दोघं डोहावर जाणार आहोत.