बाही राहिली: व्हिडिओ सोडून परदेशी गेलेल्यांचे अनुभव

उसवण
काल रात्री अडीचला फोन किणकिणला. एवढ्या रात्री म्हणजे घरूनच असणार, म्हणून धडपडत उचलला. बघते तर चार वर्षांपूर्वीच्या माझ्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलंय, "ताई, बाही राहिली."

बस्स, एवढंच.

शिवणकामाचा चॅनल होता माझा. फार मोठा नव्हता, पण दर शुक्रवारी एक व्हिडिओ, कधी चुकला नाही. शेवटच्यात पुढचा-मागचा भाग खांद्याला जोडला, मुंढा (बाही बसते ती गोलाई) कापला आणि हसत हसत म्हणाले, "पुढच्या भागात बाही." त्याच आठवड्यात व्हिसा आला आणि तीन आठवड्यांत अख्खं घर आवरायचं होतं. मशीन नणंदेकडे, ट्रायपॉड माळ्यावर, रिंग लाइट कुणाला दिला तेही आठवत नाही.

निरोपाचा व्हिडिओ करायला तीनदा बसले. एकदा शेजारी ड्रिल सुरू झालं. एकदा माइक लावायचाच विसरले, सगळं मुकं. तिसऱ्यांदा सगळं जमलं, फक्त बोलायला सुचेना. दमले होते हे खरं कारण, परदेश हे सोयीचं. परदेश म्हटलं की लोक अभिनंदन करतात, दमले म्हटलं की "अगं, असं काय करतेस" म्हणतात.

व्ह्यूज-बिज आता आठवतही नाहीत. पण इथे साधं बटण लावतानाही डावा हात आपोआप बाजूला होतो, सुई झाकली जाऊ नये म्हणून. समोर कॅमेरा नाही, कुणी बघत नाही, तरी होतो.

असे व्हिडिओ बंद करून बाहेर गेलेले इथे बरेच असतील. लिहा ना. तुमची बाही कोणती?

निमपगारी
"दमणं खरं, परदेश सोयीचा" याला +१. पुढचं अजून वाचलं नाही, स्टेशन आलं. रात्री लिहितो.

टेबलफॅन
मी व्हिडिओ सोडले नाहीत, व्हिडिओंनीच मला सोडलं. ४३ सबस्क्रायबर, पैकी ४० नातलग आणि ३ मीच (दोन फोन, एक टॅब). निघालो तेव्हा निरोप वगैरे द्यायची गरजच पडली नाही, सगळे विमानतळावरच होते.

गुंता
उसवण ताई, विषय सोडून विचारतेय, राग मानू नका. माझ्या मशीनवर कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गोळा होतो. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) दोनदा बदलली. काय करू?

रात्रपाळी
मी ब्रिटनला शिकायला आलो तेव्हा चॅनल जोरात होता. विमानातून उतरल्याउतरल्या "माझी खोली" व्हिडिओ टाकला, पुढच्या वीस भागांची यादीही तयार. मग एका सीनियरने सहज विचारलं, कमाई चालू आहे का रे यावर? स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. आठवड्याचे तास मोजून नोकरी करायची मुभा असते तेवढंच डोक्यात होतं. विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराकडे गेलो, त्या बाई म्हणाल्या, जाहिरातींचे पैसे घेत असशील तर तो तुझा धंदाच धरला जाऊ शकतो, कशाला जोखीम घेतोस? त्याच रात्री जाहिराती बंद केल्या. व्हिडिओ टाकायला हरकत नव्हती तशी. पण पैसे नाहीत म्हटल्यावर रात्री दोनपर्यंत एडिटिंग करायचा उत्साह कुठे गेला कुणास ठाऊक. मी कलेसाठी करतो असं सगळ्यांना सांगायचो बरं का.

चूक माझीच, नियम आधी वाचायचे होते. प्रत्येक देशाचं आणि व्हिसाचं वेगळं असतं. न्यूझीलंडने तर जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावरही बाहेरच्या देशातलं काम लॅपटॉपवर करायला परवानगी दिली. म्हणजे मी चुकीचं बेट निवडलं.

टेबलफॅन
@रात्रपाळी, वीस भागांची यादी जपून ठेव, म्हातारपणी वेबसिरीज काढू.

उसवण
@गुंता, राग कसला, किती दिवसांनी कुणी हे विचारलं! गोळा खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनच्या मागे लागतात. बहुतेकदा दोष वरच्या दोऱ्यात असतो. फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसत नाही, सैल सुटतो आणि खाली जमा होतो. सगळा दोरा काढा, फूट वर करा, सुई वर घ्या, पुन्हा पहिल्यापासून ओवा. मग सांगा.

दोन टीबी
मी पुढच्या महिन्यात निघतोय. सहा वर्षांचं काम एका हार्डडिस्कमध्ये आहे आणि चॅनल डिलीट करावा की ठेवावा ठरत नाहीये. नव्या नोकरीच्या लोकांनी शोधलं तर माझे २०१८ चे केस दिसतील.

जुनं सिमकार्ड
@दोन टीबी, डिलीट करू नका हो! चॅनलबरोबर लोकांच्या कमेंटही जातात, मग रडून उपयोग नाही. केस लपवायचे तर ते व्हिडिओ प्रायव्हेट करा. मूळ फायली हरवल्या असतील तर गूगल टेकआउटमधून आपले व्हिडिओ उतरवून घेता येतात.

आणि माझ्या नावावरून ओळखलं असेलच, पण सांगतेच. निघताना जुना नंबर बंद केला. लॉगिनचा कोड त्याच नंबरवर येणार होता. नवा फोन, नवा देश, नवं वायफाय, गूगलला मीच चोर वाटले, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. आत शिरायला दीड महिना गेला. फोन नंबरशिवाय लॉगिन करायला बॅकअप कोड मिळतात, एका वेळी दहा. ते कागदावर लिहा आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, मी तेच केलं होतं. तो फोन दिराला दिला.

दोन टीबी
कोड आत्ता कागदावर लिहिले. धन्यवाद. केसांचं बघतो.

निमपगारी
आलो. परीक्षांची गणितं शिकवायचो व्हिडिओतून. बाहेर गेलो की डॉलरमध्ये जास्त मिळेल असं मित्रांनी डोक्यात भरवलेलं. अरे, जाहिरातीचा दर बघणारा कुठल्या देशात बसलाय त्यावर ठरतो, शिकवणारा कुठे बसलाय त्यावर नाही! माझे विद्यार्थी तिकडेच, त्यामुळे पैसे होते तेवढेच. बदलली फक्त माझी झोप.

पुढची गंमत. अ‍ॅडसेन्सच्या (गूगल जाहिरातींचे पैसे ज्यातून देतं त्या) खात्यात देश बदलता येत नाही. जुनं खातं बंद करून नव्या देशात नवं उघडायचं, मग पत्त्याची खात्री करायला ते पोस्टाने पिन पाठवतात. खरंखुरं कागदी पत्र. मी तोवर दोनदा घर बदललं. पहिलं पत्र पहिल्या घरी, दुसरं दुसऱ्या घरी, मी तिसऱ्या. शेवटी जुन्या घरमालकीणबाईंनी फोन केला, तुझं काहीतरी सरकारी आलंय, मी उघडलं नाही. एक तास प्रवास करून गेलो. त्यांनी बसवलं, नातवाचं बीजगणित काढलं. दोन तास शिकवलं, कॅमेऱ्याशिवाय. कितीतरी वर्षांनी समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर "कळलं" असं दिसलं.

पिन टाकला नाही. पत्र अजून बॅगेत आहे.

रात्रपाळी
@निमपगारी, शेवटच्या दोन ओळी वाचून बसमध्ये उगाच खिडकीबाहेर बघितलं.

पडद्यामागची
मी कॅमेऱ्यापुढे कधीच नव्हते. नवरा बोलायचा, मी धरायचे. इथे आल्यावर त्याने बंद केलं तर सगळे त्याला विचारायचे, मिस करतोस का? मला कुणी विचारलं नाही. सात वर्षं श्वास रोखून उभी राहिलेय मी, अक्षरशः, कारण माझा श्वास माइकमध्ये यायचा. असो. मुलगा उठला.

उसवण
@पडद्यामागची, मुलगा झोपला की परत या. इथे श्वास घ्या मोठ्याने.

घुबड
टॉम स्कॉट या ब्रिटिश यूट्यूबरचं कुणी लिहिलं नाही अजून? दहा वर्षं दर आठवड्याला एक व्हिडिओ, आणि १ जानेवारी २०२४ ला ठरवून थांबला. मला ते "ठरवून" फार आवडलं. आम्ही आपले दर महिन्याला "लवकरच परत येतोय" टाकत बसलो. माझं शेवटचं "लवकरच" २०२२ चं आहे. आणि सहा महिने काहीच टाकलं नाही की यूट्यूब कमाई काढून घेऊ शकतं, तशी माझी गेलीच.

आईला ते सांगितलेलं नाही. ती रोज दुपारी माझे जुने व्हिडिओ लावते आणि जाहिराती मुळीच स्किप करत नाही. "तेवढेच तुला पैसे." आता कसं सांगू की कमाई नसलेल्या चॅनलवरही जाहिराती लागू शकतात, फक्त आपल्याला त्यातलं काही मिळत नाही? परवा म्हणाली, त्या गादीच्या जाहिरातीतली मुलगी बारीक झाली गं.

टेबलफॅन
@घुबड, काकूंना माझा चॅनल देते का? ४४ होतील.

गुंता
झालं!!! फूट वर करून ओवला, एक गाठ नाही! आठ महिने मशीनला शिव्या देत होते. आता बाही पण सांगा ताई, माझीही मुंढ्यापाशीच अडते, चुण्या पडतात.

पडद्यामागची
परत आले. काही नाही, एवढंच सांगायचं होतं की परवा फोनवर मुलाचा व्हिडिओ काढला आणि त्यात मी हसताना ऐकू येतेय. ठेवलाय.

उसवण
@गुंता, शाब्बास. चुण्यांचं असं आहे की बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा थोडा जास्तच कापलेला असतो. ते जास्तीचं कापड धावदोऱ्याने दबवून वरच्या भागात पसरायचं असतं, ओढून बसवायचं नसतं.

हेच सगळं काल रात्री त्या कमेंटवालीलाही लिहिलं होतं. चौदा ओळी, मुद्दे पाडून, फार समाधान वाटलं. सकाळी तिचं उत्तर आलंय:

"ताई, लिहिलेलं नाही कळत. हात दाखवा."

दोन टीबी
ट्रायपॉड माळ्यावर आहे म्हणालात ना? मी निघायच्या आधी घेऊन येऊ का?