सातपूरची गाडी मेलबर्नमध्ये घ्यावी का? थ्रीएक्सओ की यारिस क्रॉस

अंबडचा प्रेसवाला

परवा इथे एकाने लिहिलं होतं, "ऑस्ट्रेलियात जाऊनही महिंद्रा घेणारा नाशिककर म्हणजे घरच्या आठवणींचे हप्ते भरणारा माणूस. डोळे मिटून टोयोटा घ्या." दोन दिवस गप्प बसलो. आज लिहितोच.

माझी मुलगी मेलबर्नजवळ टारनीटला राहते. नवराबायको दोघं नोकरीला, व्हिसा अजून पक्का नाही, घरात दोन वर्षांचा नातू. त्यांचं दोन गाड्यांवर येऊन अडलंय: महिंद्रा थ्रीएक्सओ आणि टोयोटा यारिस क्रॉस हायब्रिड. थ्रीएक्सओ आपल्या नाशिकच्या सातपूर कारखान्यातली. २०२५ च्या मध्यात ती तिकडे आली तेव्हा खालचं मॉडेल सगळा खर्च धरून २३,४९० डॉलरला होतं. यारिस क्रॉस ३० हजारांच्या पुढे सुरू होते, नोंदणी वगैरे वर वेगळं. म्हणजे निदान सात-आठ हजार डॉलरचा फरक.

हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक बॅटरी) पेट्रोल वाचवते, कबूल. कंपनी १०० किलोमीटरला ३.८ लिटर सांगते. पण मुलीचं फिरणं वर्षाला १२ हजार किलोमीटर. दोन्हीत तीन लिटरचा फरक धरला तर वर्षाला ३६० लिटर, साधारण साडेसहाशे डॉलर. सात हजार वसूल व्हायला दहा-अकरा वर्षं लागतील. शिवाय थ्रीएक्सओला तिकडे ७ वर्षं किंवा दीड लाख किलोमीटरची वॉरंटी आहे, टोयोटाला ५ वर्षांची. हा हिशेब भावनेचा आहे का?

आता भावनेचंही सांगतो. अंबडच्या एका वेंडरकडे, म्हणजे गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्याकडे, मी ३१ वर्षं प्रेसवर (पत्रा दाबायच्या मशीनवर) काढली. सीटखालचे ब्रॅकेट काढायचो. तुकडा प्रेसमधून निघाला की कोमट असतानाच त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. बर (पत्र्याची धारदार कड) लागली की लाइन थांबवून डाय (साचा) उतरवायची, सुपरवायझर कितीही ओरडू दे. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून तिरक्या रेघा आहेत. त्या कामाला कुणी "आठवणींचे हप्ते" म्हटलं की लागतं मला.

मेलबर्नवासी नाशिककर

काका, ते वाक्य माझंच. तुमच्या अंगठ्याबद्दल मी काही बोललो नव्हतो आणि बोलणारही नाही. पण गाडी कामगाराच्या निष्ठेवर चालत नाही. मी इथे नऊ वर्षं आहे.

एक, तुमचा हिशेब खुल्या रस्त्याचा आहे. टारनीटहून सकाळी निघालं की फ्रीवेला लागेपर्यंतच अर्धा तास जातो. अशा रांगेत थ्रीएक्सओसारखी टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक आठ-नऊ लिटर पिते आणि हायब्रिड बॅटरीवर सरकत राहते. तुमची दहा-अकरा वर्षं तिथेच सहा-सातवर येतात.

दोन, व्हिसा पक्का नाही असं तुम्हीच लिहिलंय. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला नोकरी गेल्यावर दोन महिन्यांत सगळं विकून नाशिक गाठावं लागलं. त्यांची गाडी अशा कंपनीची होती, जिचं नावही इथल्या लोकांना माहीत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात मिळेल त्या भावाला दिली. तेव्हा त्यांच्याकडे टोयोटा असती तर शनिवारी फोटो टाकून रविवारी गेली असती. परक्या देशात गाडी घेताना आधी विकायचा दिवस डोळ्यांपुढे आणावा.

तीन, सुरक्षा. थ्रीएक्सओला २०२४ मध्ये भारत एनकॅपचे (गाडी आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या चाचणीचे) ५ तारे मिळाले, मान्य. पण स्कॉर्पिओ-एनलाही २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे ५ होते आणि २०२३ मध्ये इथल्या एएनकॅपने (ऑस्ट्रेलियाच्या तशाच चाचणीने) तिला शून्य तारे दिले. यारिस क्रॉसला इथेच ५ आहेत.

एमएच पंधरा

तारे, लिटर राहू द्या बाजूला. मला ती वॉरंटीची ओळ झोंबली. तिकडे ७ वर्षं? मी इंदिरानगरला राहतो, कारखाना घरापासून काही किलोमीटरवर. गाडी तीच, आपल्याच पोरांनी जोडलेली. आणि मला ३ वर्षं! पुढची हवी तर वेगळे पैसे मोजा.

मेलबर्नवासी नाशिककर

ते प्रेमापोटी देत नाहीत, दादा. इथे किआ कित्येक वर्षांपासून ७ देतेय, नवीन येणाऱ्याला त्याखाली उतरताच येत नाही. शिवाय इथला ग्राहक कायदा वॉरंटी संपल्यावरही कंपनीला सोडत नाही. वस्तू वाजवी काळ टिकलीच पाहिजे, नाहीतर दुरुस्त करा, बदला किंवा पैसे परत द्या. तुमच्याकडे ग्राहक भांडत नाही म्हणून ३.

एमएच पंधरा

भांडत नाही? मी भांडलोय. माझ्या आधीच्या गाडीचा (कंपनी सांगत नाही, प्रश्न कंपनीचा नाही) क्लच १९ हजार किलोमीटरला गेला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, "ड्रायव्हिंग हॅबिट." द्वारका सर्कलला रोज पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये घालवणाऱ्या माणसाची हॅबिट! चार महिने हेलपाटे घातले, शेवटी बिल मीच भरलं. चांगलं ते बाहेर पाठवायचं आणि उरलेलं आपल्या माथी मारायचं, हीच आपली रीत. द्राक्षांचंही तेच. एक्सपोर्टचा माल युरोपला आणि रिजेक्ट आपल्या ताटात.

निफाडचा बागायतदार

थांबा भाऊ. गाड्यांचं तुम्ही बघून घ्या, द्राक्षांवर बोललात म्हणून मला यावं लागलं.

रिजेक्ट म्हणजे सडका माल हे कुणी सांगितलं? एक्सपोर्टला मणी १८ एमएमचा लागतो, रंग एकसारखा लागतो, घड ठरल्या वजनाचा लागतो. मणी १५ एमएमचा निघाला की तो लोकलला. गोडी तीच. उलट कधीकधी बारीक मणी जास्त गोड, कारण मणी फुगवायला पाणी अन् जीए नावाचं संप्रेरक कमी पडलेलं असतं. तुमच्या ताटातलं द्राक्ष माझ्या पोरांच्याही ताटात असतं.

एमएच पंधरा

आणि औषधं? युरोपला जाणाऱ्या मालाची तपासणी होते. नाशिकच्या भाजीबाजारातल्या द्राक्षांची कोण करतं?

निफाडचा बागायतदार

आता खरं बोललात. तपासणी होत नाही. २०१० साली युरोपने आपले कंटेनर अडवले ते क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे. त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाची पूर्ण बाग तयार होती. घड पिकून मण्यांना सुरकुत्या पडायला लागल्या तरी गाडी येईना. शेवटी मिळेल त्या भावाने दिला. त्यानंतर तपासणी कडक झाली. आता काढणीआधी नमुना जातो, पास झाला तरच माल कंटेनरला. पण लोकलसाठी तसं काही नाही, हे मी नाकारत नाही.

मात्र दोष शेतकऱ्याच्या नावावर मांडू नका. तपासणीचा खर्च आम्ही करू, पण तपासलेल्या मालाला लोकल व्यापारी पेटीमागे एक रुपया तरी जादा देतो का? बागेत येतो, घड हातात धरून म्हणतो "कलर हलका आहे," आणि भाव पाडतो. वर उधारीवर नेतो. माझे मागच्या हंगामाचे तीन लाख असेच गेले. माणूस परराज्यातला, फोन बंद, खोली रिकामी. कोणत्या ग्राहक कायद्याकडे जाऊ मी?

कॉलेज रोडची काकू

द्राक्षांचं ऐकून वाईट वाटलं भाऊ, खरंच. पण एक विचारू का? त्या मुलीच्या गाडीत मागे कोण बसणार आहे, हे एकानेही लिहिलं नाही.

आम्ही दोघं मागच्या वर्षी लेकाकडे मेलबर्नला तीन महिने होतो. लहान मुलाची सीट तिथे सक्तीची, आणि तिचा वरचा पट्टा मागे हुकात अडकवावाच लागतो. ती एवढी मोठी की तिच्या शेजारी आम्ही दोघं म्हातारे कसे बसलो ते आमचं आम्हाला माहीत. हे दारावर दाबले गेलेले, माझा गुडघा पुढच्या सीटला टेकलेला. लेकाची गाडी चांगली महागाची होती, पण अरुंद. तीन महिन्यांत आम्ही चौघं मिळून दोनदाच बाहेर पडलो. सून बिचारी दरवेळी म्हणायची, मी ट्रेनने येते.

आजी-आजोबा येणार असतील तर मागची रुंदी बघा. बाकी सगळं नंतर.

अंबडचा प्रेसवाला

ताई, लाखाचं बोललात. थ्रीएक्सओ १,८२१ मिलिमीटर रुंद आहे, यारिस क्रॉस १,७६५. मागच्या सीटवर खांद्याला तेवढंच सुख जास्त. चाकांमधलं अंतरही थ्रीएक्सओचं २,६००, तिचं २,५६०.

मेलबर्नवासी नाशिककर

आणि डिकी? तेही सांगा. यारिस क्रॉसची ३९० लिटर. थ्रीएक्सओत प्रॅम ठेवली की किराणा मांडीवर घ्यायचा. आणि "सातपूरची, सातपूरची" म्हणता ती मुळात टिव्होली नावाच्या कोरियन गाडीच्या सांगाड्यावर उभी आहे. ती गाडी ४.२ मीटरची. तुमच्याकडे चार मीटरच्या आत कर कमी, म्हणून मागून कापली. भारताच्या कराचा भुर्दंड मेलबर्नमधल्या डिकीने का सोसायचा?

एमएच पंधरा

हे मात्र खरं आहे, आणि मला फार राग येतो त्याचा. २००६ च्या अर्थसंकल्पापासून हेच चाललंय, चार मीटरच्या एक इंच पुढे गेलं की कर वाढला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण अट तीच राहिली. म्हणजे अजून वीस वर्षं आपण बुडाशी कापलेल्या गाड्याच चालवायच्या.

अंबडचा प्रेसवाला

सांगाडा कोरियन असेल. मग काय झालं? पत्रा इथे दाबला, वेल्डिंग इथे झालं, रंग इथे लागला. सातपूर-अंबडच्या शेकडो लहान शेडमध्ये त्यातल्या कशा ना कशावर तरी कुणाचं घर चालतं. आई परक्या घरची असली म्हणून पोर घरचं नसतं का?

तुम्हाला एवढं लागतं ते का, तेही मला कळतं. तुम्ही इथून गेलात तेव्हा इथल्या कारखान्याने तुम्हाला काय दिलं असतं? ट्रेनी म्हणून तुटपुंजा पगार आणि तीन वर्षांनी घरी. माझ्याच जावयाचं तसं झालं. पण त्याचा राग गाडीवर काढू नका.

मेलबर्नवासी नाशिककर

हे बोलायला नको होतं, काका. मी इथून का गेलो ते तुम्हाला माहीत नाही. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात १८ वर्षं होते, एका सकाळी गेटवर यादी लागली आणि त्यांचं नाव त्यात होतं. मी तेव्हा दहावीला. त्या गेटवरून अजूनही जाववत नाही मला. राग आहे, आहेच. पण मी दिलेले आकडे त्या रागातून आलेले नाहीत.

अंबडचा प्रेसवाला

चुकलो. वडिलांचं ऐकून मन भरून आलं. त्या याद्या मीही पाहिल्यात. माझ्या शेजारच्या प्रेसवरचा माणूस असाच गेला होता, डबा हातात तसाच. शब्द मागे घेतो.

विकायच्या दिवसाचं तुमचं म्हणणं मी काल मुलीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बाबा, तो बरोबर बोलतोय." मला ते आवडलेलं नाही, पण खोटंही म्हणता येत नाही. एएनकॅपचंही तिने लिहून घेतलंय. रुंदीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. पुढच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी जातोय आणि हिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे.

मेलबर्नवासी नाशिककर

रुंदीचं मलाही नाकारता येत नाही. आमच्या घरी आई आली की असंच होतं.

निफाडचा बागायतदार

एमएच पंधरा भाऊ, फेब्रुवारीत बागेत या. कोणता माल कंटेनरला जातो, कोणता लोकलला, दोन्ही पेट्या समोर फोडून दाखवतो. मग ठरवा रिजेक्ट कशाला म्हणायचं.

एमएच पंधरा

येतो. पण तपासणीचा प्रश्न मी तिथेही विचारणार.

अंबडचा प्रेसवाला

मेलबर्नवाले, एक विनंती आहे. शनिवारी मुलगी दोन्ही गाड्या चालवून बघायला जाणार आहे. जावई ड्युटीवर आहे. नातवाची सीट दोन्ही गाड्यांत मधे बसते का आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणूस मावतो का, हे एकटीला बघता येणार नाही. तुम्ही जाल का सोबत?

मेलबर्नवासी नाशिककर

जातो. अकरा वाजता. आईला पण घेऊन जातो, मागे बसवून बघायला.