मदत हवी आहे: टीवाय बीएस्सी फिजिक्स, चौथं वर्ष करू की जॅम (आयआयटीत एमएस्सीला लागणारी प्रवेश परीक्षा) देऊन बाहेर पडू?

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आत्ताच टीवायला गेलेय, फिजिक्स. तालुक्याचं कॉलेज, पुणे विद्यापीठाचं. घर नारायणगावजवळ, शेती टोमॅटोची. आमच्या बांधावर उभं राहिलं की जीएमआरटीची, म्हणजे खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची, एक डिश दिसते. शाळेतून २८ फेब्रुवारीला खोडदला सायन्स डेचं प्रदर्शन बघायला नेलं होतं तेव्हा तिथं कळलं की अशा ३० डिश आहेत, एकेक ४५ मीटरची, आणि सगळ्या मिळून एकच दुर्बीण, तेव्हापासून डोक्यात तेच. हसू नका, पण डिश वळताना दिसली की अजूनही खुडणी सोडून बघत बसते आणि आई ओरडते.

तर, आम्हाला एनईपी (नवीन शैक्षणिक धोरण) लागू आहे. तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडा नाहीतर चौथं वर्ष ऑनर्स करा, मग एमएस्सी एकाच वर्षाची. एक सर म्हणतात इथेच चौथं कर, रिसर्चवालं, पुढे डायरेक्ट पीएचडी. दुसरे सर म्हणतात जॅम दे आणि निघ इथून. बाबा म्हणतात बीएड कर. तिघांचंही ऐकताना पटतं, तीच गोची आहे. आमच्या लॅबमध्ये सीआरओ (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) दोन, त्यातला एक चालू, त्यात मी रिसर्च कसला करणार? सीजीपीए ८.१ आहे. पुण्यात क्लास लावायचे पैसे नाहीत. रेडिओ अॅस्ट्रॉनॉमीत जायचं असेल तर यातलं काय करू?

प्रतिसाद १
तू दोन वेगळे निर्णय एकत्र करून डोकं पिकवून घेतेयस. जॅम फेब्रुवारीत असते, टीवायला असतानाच देता येते, फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात आणि मुलींना फी निम्मी. चांगला स्कोअर आला तर निघायचं, नाही आला तर चौथं वर्ष आहेच की. आत्ता ठरवायची गरजच नाही.
पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० मार्क. आपल्याला डेरिव्हेशन पाठ करून लिहायची सवय, तिथं ते चालत नाही, सगळी गणितं. न्युमेरिकल उत्तराच्या प्रश्नांना निगेटिव्ह नाही, पर्यायही नाहीत, त्यामुळे तुक्का बंद. मी क्लास लावला नव्हता. जुने पेपर घड्याळ लावून सोडवले, आधी मॅथेमॅटिकल मेथड्स आणि मेकॅनिक्स पक्कं केलं. आणि फक्त मुंबई आयआयटी धरून बसू नकोस, इंदूरला खगोलशास्त्राचा वेगळा विभाग आहे.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण चौथ्या वर्षाला इतकं हलक्यात काढू नका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार चार वर्षांच्या डिग्रीत ७५ टक्के असतील तर पीएचडीला पात्र ठरता येतं. फक्त पात्र हां, प्रवेश नाही, मुलाखतीत तू काय काम केलंस तेच विचारतात.
आणि लॅब नाही म्हणून रडू नकोस गं. पुठ्ठा आणि अॅल्युमिनियम फॉइलचा हॉर्न अँटेना, एक एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), क्षीण सिग्नल वाढवणारा एक लो नॉइज अँप्लिफायर आणि लॅपटॉप एवढ्यावर आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटीमीटर तरंगलांबीची रेडिओ रेषा पकडणारी कॉलेजची पोरं आहेत. जीएमआरटीचा जुना डेटाही ऑनलाइन आर्काइव्हवर मिळतो. एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी संस्था) आणि आयुका (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) मिळून कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ अॅस्ट्रॉनॉमीचं विंटर स्कूल घेतात, त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. जॅमबरोबर जेस्ट या दुसऱ्या प्रवेश परीक्षेचाही फॉर्म भर, त्याच्या स्कोअरवर बऱ्याच संस्था इंटिग्रेटेड पीएचडीच्या (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) मुलाखतीला बोलावतात.

प्रतिसाद ३
बाबांना 'इंटिग्रेटेड पीएचडी' असलं काही सांगू नकोस, 'शिकताना दरमहा स्टायपेंड मिळतो' एवढंच सांग. आमच्या घरी तेवढ्यावर विषय संपला होता :) बीएड नंतरही करता येतंच.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. दादा, जॅम टीवायलाच देता येते हे मला खरंच माहीत नव्हतं, मला वाटायचं आधी डिग्री हातात लागते. स्टायपेंडचं रात्री जेवताना काढलं, बाबा लगेच काही बोलले नाहीत, मग म्हणाले किती देतात? म्हणजे ऐकत होते.
ताई, की सर? माहीत नाही, पण ते हॉर्न अँटेनाचं जरा सविस्तर सांगाल का? डोंगल कुठलं घ्यायचं, आणि साधारण खर्च किती येतो? पुठ्ठा टोमॅटोच्या बॉक्सचा चालेल का, तो घरात ढीगभर पडलाय.