फ्लॅट वाढले म्हणून सागाला सोन्याचा भाव येणार म्हणे!

वखारीतला

काल इथं एका जमीनविक्रीवाल्याची पोस्ट फिरत होती. मथितार्थ असा: साताऱ्यापासून कराड, पेठनाक्यापर्यंत हायवेच्या दोन्ही अंगाला बांधकामं चाललीत, घर आलं की दारं-खिडक्या आल्या, लाकूड तर कमीच होत चाललंय. तेव्हा आमच्याकडून पाटणकडं एकरभर घ्या, टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांचा) साग लावा आणि पंधरा वर्षांनी नोटा मोजत बसा. खाली लोकांचे अंगठ्यावर अंगठे. एकानंही विचारलं नाही की बाबा, हे लाकूड घेणार कोण?

सांगलीच्या टिंबर एरियात आमची तिसरी पिढी आहे, म्हणून गप्प बसवलं नाही.

नव्या फ्लॅटमध्ये जाऊन बघा. साग कुठं दिसतो? बाहेरचं दार, त्याची चौकट, फार तर देवघर. बेडरूमला फ्लश डोअर. बाथरूमला ग्रॅनाईटची चौकट आणि डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं दार. खिडक्या ॲल्युमिनियम स्लायडिंग. किचन ट्रॉल्या कारखान्यातून तयार येतात. ते बाहेरचं दारसुद्धा पुष्कळदा मेरांटी नाहीतर मलेशियन साल असलं बाहेरून आलेलं लाकूड, वर सागाचं पातळ व्हिनिअर आणि ब्रोशरात 'टीक फिनिश'. स्लॅबला फळ्या-बल्ल्या लागायच्या, तिथं लोखंडी प्लेटा आल्या. वडिलांच्या काळात एका बंगल्याला ट्रक भरून माल जायचा. आता अख्ख्या इमारतीची सागाची ऑर्डर छोट्या हत्तीत मावते आणि वर माणूस बसायला जागा उरते.

त्यात टॅक्स. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांवर १ टक्का, पण बिल्डरला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे मालावर भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही. लाकडावर १८ टक्के, ते सरळ त्याच्या खर्चात जातात. वर बिल्डरची किमान ८० टक्के खरेदी नोंदणीकृत व्यापाऱ्याकडूनच झाली पाहिजे. म्हणजे बिननोंदणीचा छोटा वखारवाला आपोआप बाद.

आणि 'लाकूड कमी पडणार' हे तर आम्ही एकदा ऐकून बसलोय. १ एप्रिल २०१४ ला म्यानमारनं गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हा आमच्याच लाइनीतले लोक देशी सागाचे दिवस आले म्हणून हात चोळत होते. आलं काय? घाना, नायजेरिया, इक्वेडोर, कोस्टारिकाचे कंटेनर. घेर बारीक, गाठी भरपूर, पण भाव बसतो. टंचाई झाली की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजत नाही, दुसरं काहीतरी घेतं.

आमचं खरं गिऱ्हाईक आता दोनच. एक, स्वतः उभं राहून बंगला बांधणारा, त्यात वाई-पाचगणीकडं सेकंड होम काढणारे पुणे-मुंबईवाले. दुसरा, जुनं घर दुरुस्त करणारा. फ्लॅटच्या आकड्यांवरून सागाचा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी एखादा फ्लॅट आतून बघावा.

कंदीपेढा

साताऱ्यात साईट इंजिनिअर आहे, म्हणजे तुमच्या गोष्टीतला खलनायकच. अर्धं खरं, अर्धं सोयीचं लिहिलंय.

घरांचा आणि लाकडाचा संबंध तुटला म्हणता, मग २०२०-२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर, म्हणजे कर्ज स्वस्त असताना काय झालं ते सांगा. लोकांनी बंगले काढले, घरं वाढवली, आतली कामं केली. तेव्हा वखारीत आठवडा-आठवडा नंबर लागत नव्हता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० झाला आणि चौकशा बंद पडल्या. हा संबंध नाही तर काय?

आणि बिल्डर साग का टाळतो? महाग म्हणून टाळतो हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं म्हणजे तुम्ही लोक ओला माल देता. माझ्या स्वतःच्या घराचं दार एका वखारीतून (नाव घेत नाही) 'दोन वर्षं सुकवलेलं' म्हणून घेतलं. पहिल्या पावसाळ्यात फुगलं, उन्हाळ्यात आकसलं, पुढच्या पावसाळ्यात कडी लागेना. वखारवाल्याचं उत्तर काय, तर 'साहेब, लाकूड जिवंत असतं.' मी जिवंत दारासाठी पैसे मोजले नव्हते. डब्ल्यूपीसीचं दार सकाळी आणलं, दुपारी बसवलं, विषय संपला. पन्नास दारांच्या बिल्डिंगमध्ये पन्नास तक्रारी कोण ऐकणार?

वखारीतला

ओला माल विकणारे आहेत. पण सुकवायला भट्टी लागते, जागा लागते, माल महिनोन्‌महिने अडकवून ठेवायला भांडवल लागतं. तुमचा बिल्डर सोमवारी ऑर्डर देतो, शुक्रवारी माल मागतो आणि पैसे दिवाळीनंतर देतो. त्या पैशात सुकलेला साग हवा असेल तर देव भलं करो.

रेपोचं म्हणाल तर मी तेच म्हणतोय. बंगला आणि दुरुस्ती. फ्लॅट नव्हे. तुम्ही माझंच उदाहरण मला परत केलंत, आभारी आहे.

कोयनाखोरे

तुमचं दोघांचं चालू द्या. आम्ही पाटण तालुक्यातले, ज्यांच्या बांधावर तो साग उभा आहे. बाजार पडलाय असं वखारवाले आम्हाला कायमच सांगतात. बाजार चढलाय असं एकदाही ऐकलं नाही. बांधकाम जोरात असलं तरी पडलेला, थंड असलं तरी पडलेला.

आमच्या आज्यानं लावलेली झाडं. साग अनुसूचित झाड, म्हणून तोडायला वनखात्याची परवानगी पाहिजे. सातबाऱ्यावर झाडांची नोंद पाहिजे, ती नसेल तर आधी तलाठी. मग हद्द दाखवा, पंचनामा, मग हातोडा (लाकडावर वनखात्याचा शिक्का), मग वाहतूक पास. एवढं करायला कुणाला वेळ आहे? म्हणून शेतकरी उभं झाड गुत्त्यानं देऊन टाकतो. गुत्तेदार येतो, झाडाला मिठी मारून बघतो आणि भाव सांगतो. आम्ही मान हलवतो.

आणि खरी लूट तर मापात आहे. घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४८ इंच घेर, १० फूट लांबी. चौथा भाग १२ इंच, म्हणजे १० घनफूट. माझी पोरगी बारावीला आहे. तिनं गोलाच्या सूत्रानं काढलं तर १२.७३ निघालं. पावणेतीन घनफूट कुठं गेलं? दर झाडामागं. पिढ्यान्‌पिढ्या. याच्यावर कोण धागा काढणार?

वखारीतला

हे माप मी काढलेलं नाही. इंग्रजांच्या काळापासून लाकडाचा व्यवहार याच हिशेबानं चालत आलाय. आणि पोरीला पुढचंही गणित करायला लावा. त्याच ओंडक्यातून चौकोनी तुळई काढली तर बाजू पावणेअकरा इंचाच्या आसपास येते, म्हणजे १० फुटाला साधारण ८ घनफूट. तुम्हाला मी १० चे पैसे दिले, माझ्या हातात ८ आलं. साल, वाक, पोकळ, गाठ तर अजून धरलीच नाही. लुटलं कुणी कुणाला?

कोयनाखोरे

अहो पण ते चार बाजूचे कडे तुम्ही फेकून देता होय? त्याच्या पट्ट्या काढता, बीडिंग काढता, उरलं ते सरपण, भुसासुद्धा विकता. आम्हाला काय तुमची वखार दिसत नाही? तुळईचं गणित आम्हाला सांगायचं आणि पट्ट्यांचं गणित गिळायचं.

दुसरं. गिऱ्हाईक म्हणून तुमच्याशिवाय जाऊ कुठं? २००२ साली सुप्रीम कोर्टानं वनप्रश्नांवरच्या केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नवी आरागिरण काढायला बंदी घातली. जंगलासाठी चांगलंच झालं, नाही म्हणत नाही. पण ज्यांच्याकडं जुना परवाना त्यांची चांदी. तालुक्यात ठरावीक गिरण्या, सगळे एकमेकांना फोन करणारे. मग म्हणे बाजारभाव.

वखारीतला

परवान्यातली चांदी बघायची तर या, चावी देतो, वर्षभर चालवून दाखवा. आमच्या शेजारच्या दोन गिरण्यांच्या जागेवर आज काय आहे माहितीये? हार्डवेअर आणि प्लायवूडचं शोरूम.

कंदीपेढा

दोघांचीही गणितं बरोबर आहेत, भांडण मापाचं नाहीच. व्यापारी कच्च्या मालाचं माप कापून घेतो आणि तयार मालाचं माप पूर्ण लावतो. साईटवर येणारी चौकट ५ बाय ३ इंचाची म्हणून बिल होतं, रंधा मारल्यावर मोजली तर तेवढी भरत नाही. म्हणजे शेतकऱ्याकडून घेताना कमी, मला देताना जास्त. 😄

वखारीतला

रंध्याचा भुसा मी घरी नेऊन भाकरी करत नाही साहेब. सगळ्या जगात रफ साइजचं बिल होतं.

सातासमुद्रापार

मूळचा कराडचा, आता अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये. हा भाग फर्निचरसाठी प्रसिद्ध होता. 'होता' मुद्दाम लिहितोय, बरेचसे कारखाने चीन आणि व्हिएतनामकडे गेले.

मूळ मुद्द्याला इथला अनुभव लागू पडतो. इथं घराचा सांगाडा लाकडीच, पण तो पाइनसारख्या मऊ लाकडाचा. ओक, मेपल, हिकरी हे कठीण लाकूड जातं फ्लोअरिंग, जिने आणि किचन कॅबिनेटला. २००५ मध्ये अमेरिकेत सुमारे २०.७ लाख घरांची बांधकामं सुरू झाली होती, २००९ मध्ये साडेपाच लाखांवर आली. ओकच्या गिरण्या धडाधड बंद पडल्या. पुढं बांधकामं सावरली, पण ओकचे जुने दिवस परत आले नाहीत. दरम्यान फरशीला विनाइल आलं आणि कॅबिनेट पांढरी रंगवायची फॅशन आली. रंगच मारायचा तर खाली ओक कशाला?

आणखी एक. इथं माणूस घर विकायच्या आधी किंवा घेतल्यावर लगेच किचन आणि फ्लोअरिंग बदलतो. २०२३ मध्ये गृहकर्ज ७-८ टक्क्यांवर गेलं. ज्यांचं जुनं कर्ज ३ टक्क्यांचं, ते घर सोडेनात. त्या वर्षी जुन्या घरांची विक्री ४०.९ लाख, १९९५ नंतरची तोवरची सर्वांत कमी. कठीण लाकडाच्या गिरण्यांना याचा फटका बसला. त्यामुळे नवी किती बांधली यापेक्षा किती लोक घर बदलतायत हे बघा. फ्लॅटच्या आकड्यांवरून हिशेब मांडू नका, असं वखारवाले म्हणतात ते मला पटतं. आज इथल्या कित्येक गिरण्या रेल्वेचे स्लीपर आणि मालाचे पॅलेट कापून तगल्यात.

कोयनाखोरे

तिकडं शेतकऱ्याचं झाड कसं मोजतात ते सांगा की.

सातासमुद्रापार

बोर्डफुटात, म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळीच्या मापात. आणि त्यातही ओंडका मोजायच्या तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या आहेत, त्यातली जुनी डॉयल पट्टी बारीक ओंडक्याला फार कमी माप देते. तिच्यावरून इथंही हीच भांडणं.

कोयनाखोरे

म्हणजे सगळीकडं चोर एकच.

भडंगप्रेमी

मी सांगलीची, गावभागातली. तुम्ही सगळे पुरुष मापात अडकलाय, मूळ पोस्ट साग लावून कोटी मिळवायची होती ना? त्यावर बोलते.

नव्वदच्या दशकात अशाच सागाच्या योजना होत्या. माझ्या वडिलांनी पीएफमधून काढून एका कंपनीत पैसे घातले. झाडांचे फोटो आणि गोल सहीचं सर्टिफिकेट आलं. कंपनी नंतर दिसली नाही. असल्या प्रकारांमुळेच १९९९ ला सेबीला सामूहिक गुंतवणुकीचे नियम करावे लागले. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, झाडं तरी मोठी झाली असतील.

आता लाकूड विरुद्ध डब्ल्यूपीसी. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यात पाणी मुक्कामाला होतं. प्लायवूडची कपाटं अशी फुगली की दारं उघडेनात, फोडून बाहेर काढली. मॉड्युलर किचनचा लगदा झाला. आजेसासऱ्यांच्या वेळची सागाची चौकट आणि दिंडी धुतली, वाळवली, तेल लावलं, आजही आहे. २०२१ ला परत पाणी आलं, परत तेच. म्हणून सांगलीत नदीकाठी घर घेणाऱ्यानं ब्रोशर बघू नये.

आणि हो, बाथरूमचं डब्ल्यूपीसीचं दारही टिकलं. मला आवडलं नाही तरी टिकलं.

कंदीपेढा

शेवटची ओळ फ्रेम करून साईटवर लावतो. 🙏

वखारीतला

ताई, तो साग आज्याच्या काळचा, जाड गाभ्याचा. पंधरा वर्षांच्या झाडाला गाभा थोडा आणि बाहेरचा पांढरा भाग जास्त. पांढऱ्याला वाळवी लागते, म्हणून आम्ही तो धरतच नाही. जंगलातला साग ६०-८० वर्षांनी तोडतात. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना २०२३ मध्ये बल्लारशाहहून माल गेला, तो काही टिश्यूकल्चरचा नव्हता. जमीनवाला तुम्हाला तोच भाव दाखवून हा माल लावायला सांगतोय.

रंधापटाशी

मी सुतार, मिरज. सगळे बोलले, काम करणाऱ्याला कुणी विचारलं नाही. साग आहे, गिऱ्हाईक आहे, पण खाचेत टोक बसवून चूल-सालीचा जोड मारणारा पोरगा कुठाय? माझा पोरगा ट्रॉल्या बसवतो. स्क्रू मशीन, चार तासात काम, पैसे रोख. मला एका सागाच्या दाराला आठवडा जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, मजुरी लाकडापेक्षा जास्त कशी? बांधकाम वाढू दे नाहीतर पडू दे, दार करणाराच राहिला नाही तर साग काय तसाच उभा करणार चौकटीत?

कंदीपेढा

हे मात्र मान्य. माझ्या साईटवर दारं बसवणारी पोरं राजस्थानची आहेत, त्यांच्याकडे पटाशी मी बघितलेली नाही.

कोयनाखोरे

मिस्त्री, तुम्ही डायरेक्ट झाड घेता का? आमच्याकडं बांधावर चांगल्या घेराचे आहेत. परवानगी, पास सगळं मी काढतो, नाहीतरी चपला झिजवायची सवय आहे. माप मात्र गोलाच्या सूत्रानं.

रंधापटाशी

घेईन की. पण चिरायला गिरणीतच न्यावं लागणार.

वखारीतला

या. चिराई घनफुटावर आहे, आणि ती घेराच्या चौथ्या भागानंच लावतो. तुमच्या सूत्रानं लावली तर तुम्हालाच जास्त पडेल, बघा विचार करून.